ग्लुकोजची बाटली लावण्याआधी पोटॅशियम पाहा
बेळगाव जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणेस आणि डॉक्टरांस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव,
सर्व तालुका आरोग्य अधिकारी व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी,
तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागात दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर

विषय: अंतर्गत आजारांमुळे येणारी स्नायूंची दुर्बलता आणि तालुका पातळीवर तिचे निदान

सप्रेम नमस्कार,

‘अंगात ताकदच नाही’ ही तक्रार आपल्याकडे रोज येते. त्यातल्या पुष्कळ लोकांना रक्तक्षय असतो, काहींची साखर वाढलेली असते, काहींची झोप आणि मन ठिकाणावर नसते. पण त्यांच्याच रांगेत एक वेगळा गट बसलेला असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो. या माणसाला उकिडवे बसल्यावर उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात. बसची पायरी दांडी ओढल्याशिवाय चढवत नाही. बाईला केस विंचरताना मध्येच हात खाली घ्यावा लागतो, फळीवरचा डबा काढता येत नाही. हा थकवा नव्हे. मांड्यांचे, नितंबांचे आणि खांद्यांचे स्नायू खरोखरच दुबळे झालेले असतात. कारण मात्र बहुधा स्नायूच्या बाहेर असते: थायरॉइड, हाडे, मूत्रपिंड, रक्तातले क्षार, बिथरलेली रोगप्रतिकारशक्ती, किंवा चालू असलेले एखादे औषध.

यातले बहुतेक आजार वेळेत ओळखले तर बरे होतात किंवा आटोक्यात राहतात. आम्ही स्नायू व अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहोत. आमचे म्हणणे एकच आहे: अशा रुग्णाला ‘ताकदीचे’ इंजेक्शन किंवा सलाईन देण्याआधी पाच मिनिटांची तपासणी आणि मोजक्या रक्तचाचण्या व्हाव्यात. त्यासाठी बेळगावच्या मोठ्या रुग्णालयाची गरज नाही. कणकुंबीच्या किंवा जांबोटीच्या दवाखान्यातही सुरुवात करता येते.

आधी तपासणीबद्दल. हात नसलेली, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. रुग्णाला हात छातीवर आडवे घेऊन सलग पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायला सांगा आणि घड्याळ पाहा. आशियाई लोकांसाठीच्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पुढे पाहायला हवे. एकदाही उठता आले नाही तर दुर्बलता उघडच आहे. मग आडवे झोपवून उशीवरून फक्त डोके उचलायला सांगा. मानेचे पुढचे स्नायू स्नायूदाहात (रोगप्रतिकारशक्ती स्नायूंवरच उलटते त्या आजारात) लवकर दुबळे होतात आणि ही साधी गोष्ट जवळजवळ कोणीच पाहत नाही. दोन्ही हात खांद्याच्या पातळीला बाजूला धरायला सांगून त्यांवर हलका दाब द्या. शेवटी खोल श्वास घेऊन एकाच श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. निरोगी प्रौढ साधारण चाळिसापर्यंत जातो. विसाच्या आत अडकला, किंवा घोट गिळताना ठसका लागत असेल, तर घटकाभरही न थांबता १०८ बोलवा, कारण श्वसनाचे स्नायू त्यात सापडले असण्याची शक्यता आहे.

दुर्बलता कुठे आहे यावरून निम्मे काम होते. पायातली चप्पल निसटते, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, तळव्यांना मुंग्या येतात, असे असेल तर दोष बहुधा नसांत आहे. पाठ दुखून पाय जड झाले आणि लघवी अडली, तर मणक्याकडे पाहा. तिथे क्षयही असू शकतो. पापणी संध्याकाळी जास्त पडते आणि सकाळी बरी असते, तर मायस्थेनियाचा, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला नीट न पोचण्याच्या आजाराचा, विचार करा. संवेदना शाबूत आहे, गुंडी लावता येते, पण जमिनीवरून उठता येत नाही, तर तो आमच्या विषयाचा रुग्ण.

आता सलाईनविषयी, कारण आमची सर्वात मोठी काळजी तीच आहे. ग्लुकोज-सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ग्लुकोज असते २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. त्याने स्नायूला ताकद येत नाही. एका ठरावीक आजारात तर ती बाटली जिवावर बेतू शकते. एरवी धडधाकट असलेला पंचविशी-तिशीचा तरुण लग्नाच्या पंगतीत किंवा यात्रेत भरपूर गोड आणि भात जेवून झोपतो, किंवा दिवसभर ऊसतोड करून आडवा होतो. पहाटे जाग येते तेव्हा पाय उचलत नाहीत, थोड्या वेळात हातही जड होतात. शुद्ध पूर्ण असते, बोलणे स्पष्ट असते. रक्तातले पोटॅशियम एकाएकी पेशींच्या आत ओढले गेल्याने हे घडते. आशियाई पुरुषांत यामागे थायरॉइडचा अतिरेक असणे सर्वज्ञात आहे: नाडी जलद, हात थरथरतात, घाम जास्त, वजन उतरलेले. अशा माणसाला ग्लुकोज दिले की शरीर इन्सुलिन सोडते, आणि इन्सुलिन उरलेसुरले पोटॅशियमही पेशींत ढकलते. लुळेपणा वाढतो, हृदयाची लय बिघडते.

म्हणून अचानक लुळेपणा आलेल्या रुग्णाला पहिली सुई पोटॅशियमच्या नमुन्यासाठी टोचा. अहवाल यायला वेळ असेल तर ईसीजी काढा. यंत्र बहुतेक तालुका रुग्णालयांत आहे. आलेखातली टी लहर चपटी आणि तिच्यामागे वेगळी यू लहर दिसली तर पोटॅशियम कमी असल्याचा दाट संशय घ्या. टी लहर उंच व टोकदार असेल तर उलट पोटॅशियम वाढलेले असू शकते, आणि दोन्हींत माणूस लुळा पडतो. पोटॅशियम कमी असेल, रुग्ण गिळू शकत असेल आणि लघवी होत असेल तर तोंडाने देणे सर्वात सुरक्षित. पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या सिरपमध्ये १५ मिलिलिटरला २० मिलिमोल असतात. ते पेलाभर पाण्यात मिसळून द्या. शिरेतून द्यावेच लागले तर नॉर्मल सलाईनमध्ये, ग्लुकोजमध्ये कधीही नाही. वेग सर्वसाधारणपणे तासाला १० मिलिमोलपेक्षा जास्त नको, आणि ईसीजीवर नजर हवी. १५ टक्क्यांच्या १० मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये २० मिलिमोल असतात. ती थेट शिरेत टोचली तर हृदय थांबते. थायरॉइडच्या झटक्यात शरीरातले एकूण पोटॅशियम घटलेले नसते, ते फक्त जागा बदलते. त्यामुळे घाईने जास्त दिले तर झटका ओसरताना ते उलट चढते. म्हणून दर दोन तासांनी मोजा. प्रोप्रॅनोलॉल या नाडी मंदावणाऱ्या औषधाने झटका लवकर ओसरतो, दमा असेल तर मात्र ते देऊ नये. पुढचे झटके टाळायचे तर थायरॉइडवर उपचार हाच मार्ग आहे.

खानापूरच्या रानपट्ट्यात पहाटे लुळा पडलेला माणूस आला की आणखी एक शक्यता असते: मण्यार. तिचा दंश झोपेत होतो, खूण दिसत नाही, सूजही नसते. फरक ओळखायचा तो डोळ्यांवरून. मण्यारीच्या विषात आधी पापण्या पडतात, दोन-दोन दिसते, जीभ जड होते, पोटात दुखते आणि मग श्वास अडतो. पोटॅशियमच्या झटक्यात डोळे आणि बोलणे बहुधा शाबूत असते व सुरुवात पायांपासून होते. रुग्ण जमिनीवर झोपला होता का, हा प्रश्न विसरू नका. पंधरा वर्षांखालील मुलाच्या अचानक लुळेपणाची पोलिओ सर्वेक्षणात नोंद करणे बंधनकारकच आहे. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने जायला हवेत.

पुन्हा पुन्हा पोटॅशियम उतरणारी बाई असेल, तिचे तोंड व डोळे कोरडे असतील, मुतखडे होत असतील, तर मूत्रपिंडातून आम्ल बाहेर पडत नसल्याचा संशय घ्या. रक्तात आम्लता असूनही लघवीचा पीएच ५.५ च्या वर राहतो, म्हणजे लघवी पुरेशी आम्ल होत नाही. इथे एक क्रम पाळावाच लागतो: आधी पोटॅशियम सावरा, मग बायकार्बोनेट द्या. उलटे केले तर पोटॅशियम आणखी घसरते.

दुसरी मोठी काळजी स्टिरॉइडची. गुडघेदुखी, कंबरदुखी, दमा, खाज यांसाठी चिठ्ठी नसलेल्या सुट्या गोळ्या आणि कागदाच्या पुड्या आपल्या भागात सर्रास घेतल्या जातात. पहिल्या आठवड्यात चमत्कार झाल्यासारखे वाटते आणि म्हणून त्या सुटत नाहीत. त्यांत डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन हे स्टिरॉइड असेल तर स्नायूंवर प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टिरॉइडपेक्षा जास्त वाईट परिणाम होतो. डेक्सामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी सुमारे ३ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. दिवसाला अशा चार-पाच गोळ्या महिनोन्‌महिने गेल्या की चेहरा गोल होतो, पोट सुटते, हात-मांड्या मात्र काटकुळ्या होतात. कातडी पातळ होते, साध्या धक्क्याने काळे-निळे डाग पडतात. सीपीकेची (दुखावलेल्या स्नायूतून रक्तात उतरणाऱ्या एन्झाइमची) तपासणी सामान्य येते, आणि ‘स्नायू ठीक आहेत’ असे समजून रुग्णाला घरी पाठवले जाते. स्टिरॉइडने आलेल्या दुर्बलतेत सीपीके सामान्यच असते, हे कृपया ध्यानात ठेवा.

अशा रुग्णाला ‘त्या गोळ्या आजपासून बंद’ असे सांगणे धोक्याचे आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टिरॉइड पोटात गेले असेल तर शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. एकदम थांबवल्यास उलट्या, घसरलेला रक्तदाब, उतरलेली साखर, आणि एखाद्या तापाच्या आजारात मृत्यूसुद्धा. पुडीत किती मात्रा आहे ते ठाऊक नसते. म्हणून रुग्णाला माहीत असलेल्या प्रेडनिसोलोनवर आणून काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवा, आणि आजारपणात मात्रा वाढवावी लागते हे घरच्यांना लिहून द्या. ताकद परत यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. त्या काळात अंथरुणात पडून राहणे सर्वात वाईट. खुर्चीतून उठ-बस आठ-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, आणि जेवणात डाळी, अंडी, दूध.

औषध नियंत्रण खात्याच्या साहाय्याने वेष्टनाशिवाय गोळ्या देण्यावर जिल्ह्यात कारवाई व्हावी, ही आमची स्पष्ट मागणी आहे. तोपर्यंत प्रत्येक दुर्बल रुग्णाला ‘पुडीतली औषधे घेता का, घरी असतील तर घेऊन या’ असे विचारा. रागावून विचारलेत तर खरे उत्तर मिळणार नाही.

हाडांच्या मऊपणाबद्दल, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेबद्दल, लोक म्हणतात की आपल्याकडे ऊन कमी आहे का? ऊन आहे, पण निपाणीत विड्या वळणारी बाई दिवसभर घरात सूप मांडीवर घेऊन बसते. शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्यांची तीच गत. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. खानापूरच्या पश्चिमेला तर पावसाचे चार महिने ढगांतच जातात. त्यात पाठोपाठची बाळंतपणे, अंगावर पिणारे मूल, जेवणात दूध जेमतेम, आणि भाकरीतल्या फायटेट या घटकामुळे कॅल्शियमचे कमी शोषण. फिट्सच्या फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर भर पडते.

ही बाई बदकासारखी डुलत चालते. बरगडीवर, नडगीवर, छातीच्या मधल्या हाडावर अंगठ्याने दाबले तर कळवळते. तिला ‘वाताचा त्रास’ म्हणून वर्षानुवर्षे वेदनाशामके मिळतात. स्वस्त तपासणी हाती आहे: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या आजारात वाढणारे एन्झाइम). फॉस्फरस उतरलेले आणि फॉस्फटेज चढलेले असेल तर ड जीवनसत्त्वाच्या महागड्या चाचणीवाचूनही दिशा कळते. चाचणी केलीच तर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. हाडे मऊ पडण्याइतका आजार असेल तर आकडा बहुधा याच्याही बराच खाली असतो. उपचार: ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दूध किंवा तेलातुपाच्या जेवणाबरोबर, आणि सोबत रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम दोन वेळांत विभागून. नुसते ड दिले आणि कॅल्शियम विसरले तर भुकेली हाडे रक्तातले कॅल्शियम ओढून घेतात आणि हातापायांत वांब येतात.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो ‘आठवड्यातून एक’ या सूचनेत. रुग्ण ती कॅप्सूल रोज घेतो, किंवा सहा लाख युनिटची इंजेक्शने दर महिन्याला टोचून घेतो. मग रक्तातले कॅल्शियम चढते, तहान, बद्धकोष्ठता, उलट्या सुरू होतात, मूत्रपिंड बिघडते आणि पुन्हा अशक्तपणाच येतो. चिठ्ठीवर वार लिहा. गावचा बाजार ज्या दिवशी भरतो तोच गोळीचा वार ठरवून दिला तर विसर पडत नाही.

थायरॉइड कमी असलेल्यांत मांड्या जड होतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि सीपीके वाढते. घोट्यामागच्या कंडरेवर हातोडी मारून तपासताना पाऊल हळूहळू, रेंगाळत खाली येते. ही खूण फार बोलकी आहे. अशा रुग्णाचे एसजीओटी (यकृताच्या तपासणीतले एन्झाइम) वाढलेले दिसते आणि त्याला ‘लिव्हरला सूज’ म्हणून काविळीची औषधे मिळतात. एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूतूनही रक्तात येतात. बिलिरुबिन व जीजीटी या यकृताच्या इतर चाचण्या सामान्य आणि ही दोन वाढलेली, तर सीपीके आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) करा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असून थायरॉइड कमी असेल तर स्नायूंना इजा होण्याची शक्यता वाढते. सीपीके कमाल मर्यादेच्या दहा पटींच्या वर गेले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी ताबडतोब थांबवून मूत्रपिंड तपासा. थोड्याशा अंगदुखीवरून मात्र हृदयरुग्णाची स्टॅटिन परस्पर बंद करू नका. कमी थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी सकाळी चहाच्या आधी अर्धा ते एक तास, नुसत्या पाण्याबरोबर. लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी करायचे, त्याआधी मात्रा बदलण्यात अर्थ नसतो.

स्नायूदाहाचे रुग्ण थोडे, पण ते चुकवू नयेत. बोटांच्या सांध्यांवर चपटे, जाडसर, जांभळट डाग, पापण्यांवर जांभळट छटा, सोबत गिळण्याचा त्रास. सावळ्या कातडीवर हे डाग लाल दिसत नाहीत, काळपट दिसतात, म्हणून खिडकीच्या उजेडात पाहा. प्रौढात हा आजार कधी कधी लपलेल्या कर्करोगाबरोबर येतो, तेव्हा तो शोध घ्यावाच लागतो. उपचारात स्टिरॉइड लागते, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आणि उपचार चालू असताना ताकद पुन्हा उतरली तर सीपीके वाढलेले आहे की सामान्य, यावरून आजार उसळला की औषध बाधले, याचा अंदाज येतो.

मधुमेहात एका मांडीत जबर दुखून ती सुकू लागते, ती नसांची बाब आहे. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात दुर्बलतेची कारणे अनेक, आणि तिथे शहाळ्याचे पाणी ‘ताकदीसाठी’ देणे पोटॅशियम वाढवून घातक ठरते, एवढे इथे पुरे.

नमुन्यांबद्दल तंत्रज्ञांना खास विनंती. पोटॅशियमच्या नमुन्यासाठी दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवू नका, मूठ उघड-बंद करायला लावू नका. साकळलेले रक्त तसेच बर्फात ठेवून खानापूरहून बेळगावला पाठवले की पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच चढतो. मग खरोखर कमी असलेला रुग्ण ‘सामान्य’ ठरतो. दोन तासांच्या आत तिथेच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात फिरवून) फक्त सीरम, म्हणजे पेशींवेगळा झालेला द्रव, पाठवा. सीपीकेसाठी उलटे बघा: आदल्या दिवशी कमरेत इंजेक्शन घेतले किंवा दिवसभर ऊस तोडला असेल तर ते त्यानेच वाढते. आठवडाभर विश्रांती देऊन पुन्हा करा.

प्रशासनाकडे आमचे मागणे मोठ्या यंत्रसामग्रीचे नाही. प्रत्येक तालुका रुग्णालयात पोटॅशियमचा अहवाल तासाभरात मिळावा, रात्रीसुद्धा. टीएसएच, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि सीपीके या चाचण्या बाह्यरुग्णांना मोफत असाव्यात. आरोग्य कर्नाटक ही इथली योजना असो वा सीमेपलीकडची, महाराष्ट्राची महात्मा फुले योजना, विम्याचा भर रुग्णाला भरती करण्यावर आहे. या आजारांचे निदान मात्र भरतीआधीच्या रक्ततपासणीत होते, आणि तिथेच बिडी कामगार किंवा ऊसतोड मजूर पैशांअभावी माघारी फिरतो. गृह आरोग्य योजनेत रक्तदाब आणि साखर तपासायला घरी जाणाऱ्या आशाताईंच्या यादीत दोन प्रश्न वाढवावेत, कन्नड आणि मराठी दोन्हींत छापून: उकिडवे बसून हात न टेकता उठता येते का, आणि डोक्यावरून हात फिरवून केस विंचरता येतात का?

रुग्ण बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, कोल्हापूर-मिरजेला किंवा गोव्याला पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर नुसते ‘अशक्तपणा’ लिहू नका. दुर्बलता केव्हा सुरू झाली, पाच उठ-बशींना किती सेकंद लागले, मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे झाले, पोटॅशियम किती व नमुना किती वाजता घेतला, आणि आजवर पोटात गेलेली सर्व औषधे, पुडीतल्यांसकट, एवढे लिहावे.

कळावे,
आपले,
बेळगाव सीमाभागातील डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व प्रयोगशाळा तंत्रज्ञ